कोकण किनाऱ्यावरच्या लढाया: नववीच्या मुलांना जागेवर उभे करून सांगता येतील अशा खऱ्या कथा कोणत्या?

प्रश्न: वर्गशिक्षिका, अलिबाग तालुका

नमस्कार मंडळी. मी अलिबाग तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की दर वर्षी नववीच्या मुलांना घेऊन आम्ही एखाद्या किल्ल्यावर जातो. गेल्या वर्षी जंजिरा पाहिला. होडीतून परतताना, किल्ल्यापासून राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार आहे, ही लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट मी मुलांना चांगली रंगवून सांगितली. वर्गात कोळीवाड्यातला एक मुलगा आहे, त्याचे आजोळ राजपुरीचे. तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, माझे आजोबा इथंच नांगर टाकतात. खाली काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. भुयाराचं ते कधीच बोलले नाहीत." कोणी हसले नाही. सगळी मुले माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून हे मनातून जात नाही. आपल्या किनाऱ्यावर पाचशे वर्षांत एवढ्या लढाया झाल्या असताना मुलांना सांगायला आपल्याकडे भुयारेच का असावीत? म्हणून जाणकारांना विनंती आहे, की समकालीन कागदांत ज्यांचा आधार सापडतो आणि त्या त्या ठिकाणी उभे राहून, समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून ज्या सांगता येतील, अशा कथा कृपया सुचवाव्यात. काळ कोणताही चालेल. जय असो की पराजय, तोही चालेल. मात्र ती कथा त्या मुलाच्या आजोबांसमोर सांगायची वेळ आली, तर मान खाली घालावी लागू नये.

---

उत्तर: खाडीकाठ, रेवदंडा

बाई, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. आपल्याला लांब जाण्याची गरजच नाही. अलिबागहून एसटीने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी, कुंडलिकेच्या मुखाशी, मार्च १५०८ मध्ये जी लढाई झाली ती मी सर्वांत आधी सुचवेन.

त्या वेळी चौल हे अहमदनगरच्या निजामशाहीचे बंदर होते आणि रेवदंड्याचा कोट अजून उभा राहायचा होता. पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द अल्मेदा याचा मुलगा लोरेन्सु व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी काही लढाऊ जहाजे घेऊन खाडीत नांगरून पडला होता. समुद्राकडून शिडे दिसली, तेव्हा ती आपल्याच आल्बुकर्कची जहाजे असावीत असे त्याच्या लोकांना वाटले. प्रत्यक्षात ते इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार होते आणि त्याचा सेनापती होता अमीर हुसेन. मसाल्याचा व्यापार तांबड्या समुद्राच्या वाटेवरून निसटून पोर्तुगिजांच्या हाती चालला, ही कैरोची चिंता त्या आरमाराला आपल्या चौलपर्यंत घेऊन आली होती. पुढे दीवचा सुभेदार मलिक अयाज आपल्या हलक्या, वल्ह्यांच्या नौका घेऊन अमीर हुसेनला येऊन मिळाला आणि पारडे फिरले.

रात्रीच निघून जावे, असे काही पोर्तुगीज कप्तानांचे म्हणणे होते. पळून गेल्यासारखे दिसेल म्हणून लोरेन्सु थांबला. अखेर ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडण्याचे ठरले, तेव्हा त्याच्या जहाजाला गोळा लागून आत पाणी भरू लागले आणि जड झालेले ते जहाज प्रवाहाने ओढत नेऊन कोळ्यांनी मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांमध्ये अडकवले. दुसऱ्या गलबताने ओढण्यासाठी दोर लावला, पण तोही टिकला नाही. बाकीची जहाजे निघून गेली. पोर्तुगीज बखरकार लिहितात, की तोफेच्या गोळ्याने पाय मोडल्यावर लोरेन्सुने स्वतःला डोलकाठीच्या पायथ्याशी बसवून घेतले आणि तिथून तो हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्याने त्याचा प्राण घेतला. त्याचा देह कधीच मिळाला नाही. बापाने पुढच्या वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, दीवसमोर अमीर हुसेनच्या आरमाराचा धुव्वा उडवला आणि त्या एका दिवसाने अरबी समुद्रावरची सत्ता पुढची कित्येक दशके पोर्तुगिजांकडे गेली.

आता माझा मुद्दा. हा प्रसंग वाचणारे बहुतेक लोक "खुंट" हा शब्द वाचून पुढे जातात. आमच्याकडे डोल जाळे लावतात त्याचे खुंट ज्याने पाहिले आहेत, त्याला मात्र तिथेच थांबावे लागते. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखे जाळे. ते खुंटांना बांधून त्याचे तोंड पाण्याच्या ओढीसमोर धरतात, म्हणजे ओढीबरोबर येणारा जवळा आणि बोंबील आपोआप आत जातो. ओढ जिथे सर्वांत जोरदार असते तिथेच खुंट रोवले जातात, कारण ओढ नाही तर मासळी नाही. ताबा सुटलेले जहाजही ओढ नेईल तिकडेच जाणार. म्हणजे त्या दिवशी ते जहाज खुंटांवर गेले हा केवळ दैवाचा फेरा नव्हता. ज्या पाण्याने कोळ्यांची मासळी जाळ्यात येत होती, त्याच पाण्याने जहाज आणून दिले. ज्यांनी ते खुंट रोवले त्यांतल्या एकाचेही नाव कोणत्याही कागदात नाही.

मुलांना ओहोटीच्या वेळी आणा. खाडीची ओढ त्यांना डोळ्यांनी दिसेल. आणि त्या कोळीवाड्यातल्या मुलाला डोल कशी लावतात ते सगळ्यांसमोर सांगायला लावा. ते त्याला आपल्या सर्वांपेक्षा चांगले येत असणार.

---

उत्तर: जुने दप्तर

वरची कथा उत्तम आहे. तिच्या जोडीला खांदेरी बेटाची लढाई घ्यावी असे सुचवतो, कारण तिचे पुरावे शत्रूच्याच हस्ताक्षरात आहेत. मुंबई आणि सुरतच्या वखारींतल्या इंग्रजांनी १६७९ च्या त्या चार-पाच महिन्यांत एकमेकांना लिहिलेली पत्रे शिल्लक आहेत, आणि आपल्या पराक्रमाची नोंद चिडलेल्या शत्रूने करून ठेवावी यापरता चांगला पुरावा कोणता?

खांदेरी थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. मुंबई बंदरात येणाजाणारे प्रत्येक जहाज तिथून दिसते. शिवाजी महाराजांनी पावसाळा पुरता ओसरण्याआधीच, १६७९ च्या ऑगस्टअखेर, मायनाक भंडारी याला माणसे आणि तोफा देऊन तिथे पाठवले आणि तटबंदीचे काम सुरू झाले. इंग्रजांनी आधी बेट सोडून जाण्याविषयी सांगून पाहिले. ते मानले गेले नाही, तेव्हा लढाऊ नौका धाडल्या. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प उतरण्याच्या प्रयत्नात मारला गेला.

मोठी लढाई झाली ती इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या गणनेप्रमाणे १८ ऑक्टोबरला. त्या दिवशी पहाटे दौलतखानाच्या हाताखालचे मराठी आरमार नागावच्या बाजूने बाहेर पडले आणि वल्ही मारत इतक्या वेगाने आले, की इंग्रजांना नांगर उचलून शिडे सावरायलाही पुरता वेळ मिळाला नाही. 'डव्ह' हे त्यांचे गुराब (डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती पडले आणि लहान नौका पांगल्या. 'रिव्हेंज' नावाचे एकच मोठे जहाज कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन यांनी नेटाने लढवले. त्याच्या तोफांपुढे मराठी नौकांना नागावच्या खाडीत परतावे लागले. हेही मुलांना सांगावे. त्या दिवसाला नुसता विजय म्हटले, तर तीच पत्रे आपल्याला खोटे पाडतील.

खांदेरी राहिली ती त्या एका सकाळमुळे नाही. ती राहिली रात्रींमुळे. इंग्रजांची जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती आणि त्यांना खोल पाणी लागत असे. मराठ्यांचे मचवे उथळ पाण्यातून, वारा पडलेला असतानाही, अंधारात बेटापर्यंत जात आणि दाणागोटा, दारूगोळा, ताजी माणसे उतरवून उजाडण्यापूर्वी परत येत. नाकेबंदी करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तट दिवसागणिक वर चढत होता. मुंबईकर इंग्रज थकले आणि १६८० च्या सुरुवातीला त्यांनी तह करून जहाजे काढून घेतली. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले आणि दोन बेटांची एकमेकांवर तोफा डागण्याची गोष्ट पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली.

मायनाक भंडाऱ्याबद्दल मुलांनी विचारल्यास एवढे अवश्य सांगावे, की तटावर उभे राहून लढणाऱ्यापेक्षा गोळे पडत असताना तट बांधत राहणाऱ्याला वेगळ्या जातीचे धैर्य लागते. मला स्वतःला या लढाईतला तोच सर्वांत मोठा माणूस वाटतो. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत खांदेरी आहे. बेटावर जाणे जमले नाही, तरी थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी दोन्ही दिसतात आणि मचव्यांना किती अंतर कापावे लागे ते तिथून नीट कळते.

---

उत्तर: देवगडवासी

आमच्या विजयदुर्गाचे नाव कोणी घेतले नाही म्हणून लिहितो. तुम्ही लांबून याल असे नाही, पण कथा ठाऊक असावी.

येथे येणाऱ्या प्रत्येक सहलीला पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट ऐकवली जाते. किल्ल्याजवळ पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी भिंत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवलेले आहे, त्यामुळे ती भुयारासारखी हवेतली गोष्ट नव्हे. मात्र सगळे श्रेय त्या भिंतीला देऊन आपण माणसांना विसरतो. मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत, १७२० मध्ये, मुंबईच्या इंग्रजांनी मुद्दाम बांधून घेतलेला तरंगता तोफखाना घेऊन येथे हल्ला केला, तो फसला. १७२४ मध्ये डचांनी प्रयत्न केला, तोही फसला. हे यश गोलंदाजांचे, खाडी ओळखणाऱ्या तांडेलांचे आणि गिर्ये येथील गोदीत गलबते दुरुस्त करणाऱ्या सुतारांचे होते.

आणि १७५६ मध्ये जे झाले ते कोणतीही भिंत अडवू शकली नाही. अ‍ॅडमिरल वॉटसन समुद्राकडून आणि नानासाहेब पेशव्यांचे सैन्य रामाजी महादेव यांच्या नेतृत्वाखाली जमिनीकडून आले. कान्होजींचे पुत्र आणि तेव्हाचे विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्रे स्वतः बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते. १२ फेब्रुवारीला दुपारी तोफांचा मारा सुरू झाला. आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून नांगरलेले होते. त्यांत 'रेस्टोरेशन' नावाचे, पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेले जहाज होते. एक गोळा त्याच्यावर पडला, त्याने पेट घेतला आणि ती आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात सगळे आरमार खाऊन गेली. कान्होजींनी उभ्या आयुष्यात जमवलेले बळ एका संध्याकाळी राख झाले. रात्री इंग्रजांचा सेनाधिकारी क्लाइव्ह याने जमिनीवर फौज उतरवली ती मुख्यतः पेशव्यांचे लोक आधी किल्ल्यात शिरू नयेत म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. ठरलेल्या कराराप्रमाणे तो पेशव्यांना मिळायला हवा होता. इंग्रजांनी तो ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही. वर्ष उलटते न उलटते तोच हेच वॉटसन आणि हेच क्लाइव्ह बंगालमध्ये होते.

मी या खाडीवर लहानाचा मोठा झालो. आपल्याच राज्याचे आरमार परक्याच्या हातून जाळून घेण्यास पेशव्यांनी हातभार लावला, हे मला आजही सहन होत नाही आणि शाळेत ते एका ओळीत का उरकतात तेही समजत नाही.

---

उत्तर: जुने दप्तर

देवगडवासी, आपली वेदना मला कळते आणि निष्कर्षाशी मी बराचसा सहमत आहे. तरी मुलांना सांगताना दुसरी बाजू गाळू नये. कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि त्यांच्या मुलांत फूट पडून कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे असे घर दुभंगले. तुळाजी पेशव्यांची सत्ता मानत नव्हते आणि त्यांचा उपद्रव पेशव्यांच्या मुलखालाही होत होता. नानासाहेबांना एका बंडखोर सरदाराला आवरायचे होते. आरमार हे सरदाराचे नसून किनाऱ्याचे असते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही आणि चूक तिथे झाली. मुले हा फरक समजू शकतात असा माझा अनुभव आहे.

ताज्या तुलनेसाठी बाईंच्या दारातला कुलाबा किल्ला आहे. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून त्याच्यावर चालून आले, इंग्रजांच्या बाजूने कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली जहाजे घेऊन आला होता. तेव्हा याच नानासाहेबांचे वडील बाजीराव घोडदळासह कान्होजींच्या मदतीला धावून आले. हल्ला फसला, पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. आंग्रे आणि पेशवे एका बाजूला असताना काय झाले आणि समोरासमोर आल्यावर काय झाले, या दोन तारखांमध्ये फक्त ३४ वर्षांचे अंतर आहे.

---

उत्तर: माणगावकर

चर्चा समुद्राची आहे याची मला जाणीव आहे, तरीही एक कथा मांडतो, कारण आमच्या तालुक्याच्या गावी तिचे स्मारक आहे आणि रायगडला जाताना मुले तिथून पुढे निघून जातात.

नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, दुसऱ्या एकाला गोळ्या घातल्या. गोळ्या संपल्या आणि नवी मॅगझीन चढवायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी ते तिच्या दस्त्याने लढले. ठाणे त्यांनी घेतले. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते तिथेच पडले. वय बावीस वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची स्वतंत्र कबर नाही. इटलीतल्या कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. आपल्याकडे माणगावला त्यांचा पुतळा आहे.

वर खाडीकाठ यांनी लिहिले आहे, की लोरेन्सुचा देह मिळाला नाही. परक्या देशाच्या मातीत आपला माणूस असा राहून जाणे म्हणजे काय असते, ते पळसगावच्या घरालाही कळले होते. मुलांना ही दोन्ही नावे एकाच दिवशी ऐकू द्यावीत असे वाटते.

---

वर्गशिक्षिका, अलिबाग तालुका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल वर्गात डोल जाळ्याचा विषय काढला. तो मुलगा उठला आणि फळ्यावर खुंट, जाळे, पाण्याची दिशा असे सगळे काढून दाखवले. दोन खुंटांत किती अंतर ठेवतात यावरून कोळीवाड्यातल्याच दुसऱ्या मुलीशी त्याचा वादही झाला. सहल रेवदंड्याची आणि परतताना थळची असे नक्की केले आहे. माणगावसाठी वेगळा दिवस काढू. घाडगे यांची कथा घाईत सांगण्यासारखी नाही.

खाडीकाठ, एकच विचारायचे राहिले. ओहोटीची ओढ दिसावी अशी वेळ कशी साधावी? एसटीची गाडी आम्हाला सकाळी सातला मिळते.

---

खाडीकाठ, रेवदंडा

बाई, आमच्याकडे जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावरच्या तृतीयेला सव्वादोनला भरती येते, म्हणजे सकाळी सव्वाआठ-साडेआठला पाणी पूर्ण उतरलेले असते. अष्टमीच्या आसपास येऊ नका, भांगाचे पाणी असते, ओढ कमी दिसते. तृतीयेला उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो. आठच्या आधी धक्क्यावर पोहोचलात, तर शेवटचे पाणी बाहेर धावताना मुलांना दिसेल. हिशेब एकदा त्या मुलाच्या आजोबांना विचारून घ्या. राजपुरीच्या आणि आमच्या वेळेत थोडा फरक पडतो, तो ते बरोबर सांगतील.